मुकुटातला विसावा गुलाब

शुक्रवारी रात्री
लुइव्हिलच्या एका किराणा दुकानात,
केळ्यांचे घड आणि पावाच्या फळ्या यांच्या मधल्या जागेत
अर्डेला पेटिग्रू गुलाब शिवायला बसते.
लांबलचक टेबल, त्यावर हिरवं सॅटिन,
प्रत्येक देठाला घोटभर पाण्याची नळी,
चारशेंवर फुलं, अंगठ्याला दोन जुन्या चिंध्या.
लोक ट्रॉल्या थांबवून बघतात.
एखादं पोर विचारतं, "हे नवरीचं आहे का?"
"नवऱ्याचं म्हण," ती म्हणते, "चार पायांच्या."

घोडामैदान खरोखरच जवळ आहे:
इथून तीन-चार मैलांवर दोन टोकदार मनोरे,
त्यांच्याखाली उद्या टोप्यांचा ताटवा,
पिसं, जाळ्या, एकीच्या डोक्यावर तर आख्खा फ्लेमिंगो.
चांदीच्या पेल्यात ठेचलेला पुदिना, बर्फ, बर्बन.
बिगूल. मग ते जुनं गाणं,
ज्यातला एक शब्द आता बदलून म्हणतात.
अर्डेला दुकानातल्या टीव्हीसमोर
दर वर्षी ओठ मिटूनच उभी राहते.
आणि मग सव्वा मैल.
दोन मिनिटं.
तीन वर्षांचं शिंगरू, जन्मात एकदाच.

टाका पुढे जातो, ती मागे.
पहिल्या शर्यतीत पंधरा स्वार होते,
त्यातले तेरा तिच्या रंगाचे.
ही तिच्या घरातली बाराखडी.
पणजोबा लायनस, पुढच्या कुठल्याशा वर्षी,
चौथा आला होता.
(चौथा! तीन पिढ्या त्यावर जेवल्या.)
मग बाकीचे त्याला कठड्याशी दाबू लागले,
चाबूक घोड्यावर कमी, त्याच्या मांडीवर जास्त.
मालकांनी हिशेब केला: हा बसला की घोडा हरतो.
'नको' असं कुणीच म्हणालं नाही,
नुसतं यादीत नाव येईनासं झालं.
उरलेलं आयुष्य त्याने त्याच तबेल्यात बादल्या वाहिल्या.
म्हणायचा, "हातात लगाम आहे की बादली,
घोड्याला फरक कळत नाही.
मला कळतो."

पहाटे तीनला ती मुकुटावर येते.
माळेच्या मध्यावर फुलांचा उंचवटा,
धावणाऱ्या प्रत्येक घोड्याचा एक गुलाब.
जिंकणाऱ्याचा एक. सगळ्यात शेवटी येणाऱ्याचाही एकच.
मधोमध एक जास्तीचा, आभाळाकडे तोंड केलेला.
वीस आणि एक.
ती दोरा दाताने तोडते.

सकाळी फोन येतो.
एका घोड्याच्या पुढच्या पायात ऊब सापडली,
डॉक्टरांनी नाव काढलं.
एक कमी करा.

आता वीस फुलांतलं त्याचं कुठलं?
इथे घोडं पेंड खातं.
ती चष्मा पुसते, उगाच पुन्हा पुसते,
मग काठावरचं एक उसवते,
शेजारच्या दोघांना सरकवून जागा बुजवते.
कुणाला कळणार नाही. कधीच कळत नाही.

माळ गाडीतून वाजतगाजत जाते.
अर्डेला मागल्या फाटकाने,
पुतण्याच्या ओळखीवर, तबेल्यांकडे.
तिथे उपड्या बादलीवर एउसेबिओ बसलाय,
ग्वातेमालाचा, दोन वर्षं हेच पाय चोळणारा.
अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा:
घोड्याबरोबर गर्दीसमोरून चालायचं, म्हणून घेतलेला.
घोड्याचा पाय बर्फात.
मालक केव्हाच हॉटेलवर परतलेत.

तिचं स्पॅनिश चार शब्दांचं, त्याचं इंग्रजी घोड्यांपुरतं.
ती फूल पुढे करते.
तो उभा राहतो, हात पँटला पुसतो,
गुलाब सदऱ्याच्या खिशात खोवतो
आणि दुसरी बादली तिच्यासाठी उपडी करतो.

दूर दीड लाख माणसं एकदम उठतात.
घोडा कान टवकारतो,
मान लांबवतो,
एउसेबिओच्या खिशातून गुलाब अलगद उचलतो
आणि देठासकट सावकाश चावू लागतो.
काटे रात्रीच काढलेले.

गर्जना संपते.
त्याचं चावणं अजून चालूच असतं.